चेअरमनची हवेतली बादली

ज्या साली लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या सालचा उन्हाळा बोरटाकळीत घरजावयासारखा येऊन बसला होता. खातो किती आणि जातो कधी, काही पत्ता नाही. विहिरीत वाकून हाक मारली तर हाकसुद्धा वर यायची नाही. दमून तिथंच बसत असावी. कावळ्यांनी उडायचं सोडलं होतं. ते कडेकडेनं, सावली धरून चालत जायचे. धर्मापुरीच्या रस्त्यावर एका कावळ्यानं एसटीला हात केलेला उत्तरेश्वर मुकादमानं आपल्या डोळ्यांनी पाहिला. उत्तरेश्वरच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असा गावचा रिवाज होता. पण निम्मं सोडलं तरी निम्मा कावळा उरतोच.

त्या उन्हाळ्यात आश्रुबा चेअरमन लेकीकडून, चिपळूणहून, परत आले आणि येताना हवेतून पाणी काढायचं यंत्र घेऊन आले.

चेअरमन ते आता कशाचेच नव्हते. बोरटाकळीची सहकारी दूध संस्था त्यांनी ऐन उमेदीत काढली, लेकरासारखी वाढवली. पुढं एका दुष्काळात गावची जनावरं छावणीला गेली, छावणीतून बाजाराला गेली आणि संस्था कुणाला न सांगता बंद पडली. पण आपल्याकडं संस्था मरते, चेअरमन मरत नाही. तलाठी, पोस्टमन, पाहुणेरावळे, सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. बायको मंजुळाबाई होत्या तोवर त्याही म्हणत. फक्त जरा वेगळ्या सुरात.

मंजुळाबाई गेल्यापासून माळवदाच्या त्या घरात चेअरमन एकटे. फाल्गुनात टँकरच्या झुंबडीत कुणाचा तरी हंडा त्यांच्या गुडघ्यावर बसला आणि ते घागरीसकट आडवे झाले. घागरीला पोचा आला नाही, गुडघ्याला आला. लेक मुक्ता धावत आली आणि बापाला उचलून सासरी घेऊन गेली.

कोकणातली ओल चेअरमननी जन्मात पाहिली नव्हती. तिथं खुंटीवरच्या टोपीला आठवड्यात मिशी फुटायची. मीठ बरणीतून काढायचं नाही, ओतायचं. मुक्ताच्या घराची मागली खोली तर फणसाच्या सावलीत कायमची बुडालेली. कपाटातल्या साड्यांना बुरशी धरायची. म्हणून जावयानं तिथं हवेतली ओल शोषणारं एक यंत्र आणून ठेवलं होतं. मांडीएवढं उंच, पांढरंधोप, पोटात एक छोटी बादली. ते घुरघुरत बसायचं आणि बादली भरली की लाल दिवा लावून गप्प व्हायचं. मग मुक्ता बादली उचलायची आणि मोरीत रिकामी करायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चेअरमन दुखऱ्या गुडघ्यासकट ताडकन उठले.

"आगं, आगं, आगं! काय करतीस?"

"पानी टाकते, अण्णा."

"कुठलं पानी?"

"हवेतलं."

"हवेतलं म्हनून वतून द्यायचं व्हय? जमिनीतलं संपलं तवा बी आमी आसंच म्हनत व्हतो."

मुक्ताच्या लेखी ते साड्या कोरड्या ठेवायचं यंत्र होतं. पाणी म्हणजे त्याचा केरकचरा. चेअरमनना साड्या दिसल्याच नाहीत. बीड जिल्ह्यातल्या माणसाला त्यात बादलीशिवाय दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

चिपळूणात त्यांना काही कमी नव्हतं, आणि तेच सोसत नव्हतं. नळ फिरवला की पाणी. मग सकाळी उठून करायचं काय? भांडायचं कुणाशी? गुडघा उतरला तसा त्यांनी घरी जायचा धोशा लावला.

"तिथं तुमाला पानी कोन आनून देतंय?" मुक्ता म्हणाली. "परत पडलाव तर?"

"हे यंतर दे. बाहीर जायची गरजच न्हाई."

मुक्तानं बापाकडं पाहिलं. हट्टाला हट्टानं उत्तर द्यायचं नाही, हे ती आईकडून शिकली होती. "न्या," ती म्हणाली. "मी आखितीला येते. तवर एक, फकस्त एक बादली भरून दावा. भरली तर ऱ्हावा तिथं, मी चकार शब्द काढनार न्हाई. न्हाई भरली, तर घराला कुलूप आन् कायमचं माझ्या संगं."

"शब्द?"

"शब्द."

यंत्र गोधडीत गुंडाळून चेअरमननी एसटीच्या मागल्या सीटवर आडवं निजवलं. नगरच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "बाबा, हे कोन झोपलंय?" खरं सांगितलं तर टपावर टाकायला लावील, म्हणून चेअरमन म्हणाले, "नातू हाय. लई तापलाय, उठवू नगा." कंडक्टर मायाळू निघाला. त्यानं ताप बघायला गोधडीत हात घातला आणि किंचाळला, "आवो, हे तर गार पडलंय!" अख्खी गाडी उभी राहिली. दोन बाया रडायलासुद्धा लागल्या. मांजरसुंब्याला गोधडी उघडून दाखवली तेव्हा कुठं लोकांचा जीव भांड्यात पडला. रडणाऱ्या बाया मात्र रुसल्या. आसवं फुकट गेली म्हणून.

माजघरात यंत्र मांडलं तेव्हा निम्मं गाव बघायला आलं. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या, हाताला काम नव्हतं, आणि चेअरमनच्या घरी काहीतरी नवीन निघणं ही गावची जुनी सवय होती. उत्तरेश्वरनं यंत्राभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, "म्हैस बरी हाय. कितव्या वेताची?"

तेव्हापासून यंत्राचं नाव म्हैस पडलं.

म्हशीनं पहिल्या दिवशी नुसतं खरखर केलं. चेअरमननी फोन लावला.

"आडवं नेलं का काय?" मुक्तानं विचारलं.

"जरा डोळा लागलता त्याचा."

"अण्णा! आडवं केलं की आतलं तेल हालतंय. दिवसभर उभं ठेवा, मग चालू करा."

"बराबर हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "टेंपोतून आनलेली म्हैस पहिल्या दिशी कुठं दूध देती?"

दुसऱ्या दिवशी चालू केलं, तर बादली रिकामी आणि दिवा मात्र लाल. भरली नाही तरी भरली म्हणून बोंबलणारी ती पहिलीच म्हैस. मुक्तानं सांगितलं की बादली नीट बसलेली नसणार. आत एक तरंगतं बोंडूक असतं, ते अडकलं असेल तर बोटानं मोकळं करा आणि बादली खटकन आवाज येईतो ढकला. खटकन आवाज आला. लाल दिवा गेला, हिरवा आला. म्हैस घुरघुरू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाणी काही येईना.

"मागली जाळी बगा," फोनवरून हुकूम आला. "धुळीनं बुजली आसंल. काढून स्वच्छ धुवा."

"धुवू? कशानं?"

चिपळूणात राहून मुक्ता काही गोष्टी विसरली होती. चेअरमननी दाढीच्या ब्रशनं जाळी झाडली. एवढी धूळ निघाली की चंद्रभागाबाई म्हणाली, "भावजी, एवढ्या मातीत एक वाफा वांगी झाली आसती." चंद्रभागाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. चेअरमनची वहिनी लागायची आणि लागेल असंच बोलायची.

मग भिंतीला टेकलेलं यंत्र हातभर पुढं ओढलं. पाठ मोकळी असल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही म्हणे. मग मागलं बूच तपासलं, ते घट्ट होतं. मग दारं-खिडक्या लावल्या, कारण मुक्ता म्हणाली, "उघड्यावर ठिवलं तर ते अख्ख्या बालाघाटाची हवा वाळवत बसंल." मग बटण दाबून दाबून ते अशा जागी नेलं की यंत्रानं खोली कोरडी झाली म्हणून स्वतःच्या मनानं थांबू नये, चालतच राहावं. सगळं झालं. बादलीत हात घालून बघावं तर कोरडी ठणठणीत. शिवाय एक मुंगी तळाशी फिरत होती, तीही तहानलेली.

"अण्णा," मुक्तानं विचारलं, "काचंवर ओलीचा आकडा येतोय ना? कितीय?"

"वीस."

"आमच्याकडं ऐंशी ऱ्हातोय." तिचा आवाज खाली आला. "यंतरात बिघाड न्हाई, अण्णा. हवेतच काय न्हाई."

"मग जावायाला म्हनाव, हवा दुरुस्त करायला ये."

हे बोलून चेअरमननी फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिले. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. पोरीनं हरणारा बैल बापाच्या हातात देऊन शर्यत लावली होती. आई अशीच होती तिची.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. उत्तरेश्वर एका दुपारी घागर झाकून घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "चेरमन, टँकरचं हाय. बादलीत वतू. पोरीला काय कळतंय?"

"उत्र्या, तू मला सांगतोस? पानी मिसळायचं?"

"दुधात पानी घातलं तर चोरी. पान्यात पानी घातलं तर कशाची आलीय चोरी?"

"तुझ्या दुधात बेडकीचं पिल्लू निघालतं तवा बी तू आसंच कायतरी बोललातास."

"म्हशीनं गिळलं आसंल म्हनलो व्हतो. आजबी माझं तेच म्हननं हाय."

चेअरमनना हसू आलं, पण घागर त्यांनी परत पाठवली. साऱ्या गावाच्या दुधात दूध तपासायची काच बुडवून ज्यानं पाणी पकडलं, त्यानं लेकीला पाण्याची बादली भेसळीची दाखवायची? त्यापेक्षा चिपळूण बरं. टोपीला मिशी आली तर आली.

आखितीच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी भरायला घेतली. सणासाठी मुक्ता त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं येणार होती. गाव सोडून जाणाऱ्याला भेटून यायची रीत; सकाळपासून माणसं यायला लागली. कुणी भाकरी आणली, कुणी चटणी. माजघरात दाटीवाटीनं बसली. बाहेर झळा मारत होत्या म्हणून दार ओढून घेतलेलं. कोपऱ्यात म्हैस सवयीनं घुरघुरत होती. ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ह्याच माजघरात संस्था निघाली बरं का," चंद्रभागाबाई नव्या सुनांना सांगू लागली. "त्या तितं क्यान उभे ऱ्हायचे रांगंनं. पहाटं क्यानाची झाकनं वाजली की कोंबडं आरवायचं. कोंबड्याला वाटायचं, आपल्याला उशीर झाला."

"आन् मंजुळावैनीचा चहा!"

"कसला चहा? काचंत जे दूध नापास व्हायचं त्याचा चहा. उत्तरेश्वरामुळं गावाला रोज फुकाट चहा मिळायचा."

हशा पिकला. दूध संघाची पहिली गाडी गावात आली तेव्हा बायांनी तिला ओवाळलं होतं आणि ड्रायव्हर लाजून गाडीखाली जाऊन बसला होता, ते निघालं. दर दिवाळीला बोनस वाटताना चेअरमन भाषण करायचे आणि म्हशी हंबरायच्या, ते निघालं. मंजुळाबाईंनी एकदा खुद्द चेअरमनचं दूध नापास केलं होतं, तेही निघालं. चेअरमन ऐकत होते. वाफाळलेल्या दुधाचा तो वास त्यांच्या नाकाला आला. गोडसर, गोठ्याचा, पहाटेचा. डोळे भरून आले तसं त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

आणि भिंतीकडं तोंड होतं म्हणूनच ऐकू आलं.

टप.

"गप रे!" चेअरमन ओरडले.

टप. पुन्हा टप. चेअरमननी गुडघे टेकून बादली ओढली. तळाला तळहातावर मावेल एवढं पाणी हलत होतं. ते स्वच्छ होतं आणि त्यात मुंगी अगदी आरामात पोहत होती. काचेवरचा आकडा वीसवरून पन्नाशीच्या पुढं गेला होता.

"हवेत आलं कुठून?" चंद्रभागाबाई म्हणाली.

चेअरमननी खोलीभर पाहिलं. कपाळं निथळत होती, बंड्या पाठीला चिकटल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या तोंडातून ऊन-ऊन श्वास निघत होता. ते हळूहळू उठले. इतक्या वर्षांत त्यांचा तो जुना, सभेतला आवाज कुणी ऐकला नव्हता.

"उत्तरेश्वरा, गावात कोन कोन ऱ्हायलंय? बोलव समद्यांना. मोठ्या मानसांना. लेकरं बाहीर, आजारी मानसं बाहीर. ज्याला घाम येतोय त्यानं आत."

आणि बोरटाकळीची संस्था पुन्हा भरली. पूर्वी माणसं शेर-दोन शेर दूध घेऊन यायची, आता नुसता जीव घेऊन आली. माजघरात तीळ टाकायला जागा उरली नाही. पुरुषांनी बैठका मारल्या. बायांनी जात्यावरच्या ओव्या धरल्या आणि जातं नसतानाही ओढायचे हात चालू ठेवले. एकीनं पदरानं वारा घेतला तर चंद्रभागाबाई खेकसली, "वारा घिऊ नगं, घाम वाळतोय! सभासद हायस का पाहुनी?"

"ह्यो कुनीतरी दम धरून बसलाय," उत्तरेश्वर म्हणाला. "श्वास सोड की बे, चिकटा! तोबी वाचवतो का?"

टप-टपची धार झाली. यंत्र तापलं, खोली चुलीवर चढली. टोळीवाल्यांना कोल्हापूरच्या उसाच्या फडातली गाणी आठवली, ती निघाली. कुणी मेलेल्या म्हशीचं नाव काढून रडलं, आणि उत्तरेश्वर म्हणाला, "रडा, रडा, आसवं बी चालत्यात." निम्मे रडता रडता हसले.

अशात दार उघडलं. दारात पिशवी घेऊन मुक्ता उभी. गावातल्या गल्ल्या रिकाम्या, पारावर कुत्रं नाही, आणि बापाच्या बंद घरातून गाण्या-रडण्याचा आवाज. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अण्णा? माझ्या अण्णाला काय झालं?"

"दार लाव आधी!" आतून सगळं गाव एका सुरात ओरडलं.

तिनं घाबरून दार लावलं. अंधाराला डोळे सरावले तेव्हा तिला सगळ्यांच्या मधोमध बाप दिसला. बंडीवर, घामानं न्हालेला, टोपी मागं सरकलेली, आणि कॅन मोजायला उभा राहायचा तसा. लहानपणी पहाटे उठून दाराच्या फटीतून तिनं हाच माणूस पाहिला होता. चिपळूणात खुर्चीत बसलेला तो दुसराच कुणीतरी होता.

"बस," चेअरमन म्हणाले. "थोडंच ऱ्हायलंय."

ती चंद्रभागाबाईला खेटून बसली. घाम फुटायला तिला वेळ लागला नाही. कुणीतरी तिच्या कानात मंजुळाबाईच्या नापास दुधाची गोष्ट सांगितली. तिला हसू आलं, मग दुसरंच काहीतरी आलं, आणि तिनं ते पदरानं पुसलं नाही.

खट. लाल दिवा लागला आणि म्हैस गप्प झाली.

उत्तरेश्वरनं दार उघडलं. बाहेरची झळ आत आली ती थंडगार वाटली. सगळं गाव मुक्ताकडं बघू लागलं. चेअरमननी बादली तिच्या पुढ्यात ठेवली, काठोकाठ.

"हे काय तुमचं एकट्याचं न्हाई, अण्णा," मुक्ता म्हणाली.

"अटीत एकट्याचं म्हनलीच न्हाईस तू."

मुक्तानं बादलीकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं. "बरं. हे झालं. पन मला एवढं सांगा," ती गावाला म्हणाली, "उद्या टँकर आला, तर ह्यांची घागर कोन धरनार?"

"त्यात इचारायचं काय?" उत्तरेश्वर म्हणाला. "मी धरतो."

"तू? तू वाटंत निम्मी पिऊन घेशील!" चंद्रभागाबाई उसळली. "माझी सून धरंल. शेजार आमचा हाय."

"शेजार हाय तर फाल्गुनात कुठं गेलता?"

"तवा आमी तोडीवर व्हतो, तुला माहीत न्हाई व्हय?"

आवाज चढले. पाळ्या लागल्या, मोडल्या, पुन्हा लागल्या. तोडीच्या दिवसांत कोण, सणावाराला कोण, टँकर चुकला तर कोण, यावर जोराचं भांडण पेटलं. मुक्ता ऐकत राहिली. सभा रंगली की अध्यक्षानं गप्प बसायचं असतं, हे चेअरमनना ठाऊक होतं.

शेवटी मुक्ता उठली, पेटीपाशी गेली आणि वर ठेवलेलं कुलूप उचलून तिनं खुंटीला अडकवलं. "यंतर मी परत नेते," ती म्हणाली. "माझ्या साड्या सडायल्यात."

"ने बाई," चेअरमन म्हणाले. "रोज हिची धार काढायची तर गाव वाळून जाईल."

"आन् ह्या पान्याचं काय करायचं? पिऊ नका बरं, हे पिन्याचं नसतं."

पाजायला म्हशी नव्हत्या, घालायला रोपं नव्हती. आणि मग चेअरमनच्या नजरेला मुक्ताचे पाय पडले. फाट्यापासून चालत आलेले, घोट्यापर्यंत धुळीचे. माहेरवाशीण उंबरा ओलांडून कधीची आत आली होती आणि कुणीही तिच्या पायावर पाणी घातलं नव्हतं.

"बाहीर चल," ते म्हणाले.

अंगणात दगडावर ती उभी राहिली. नको नको म्हणत होती, पण बाप वाकलाच. चंबूनं बादलीतलं पाणी घेऊन त्यांनी तिच्या पायावर धरलं. धूळ काळी होऊन ओघळली, खालची माती फसफसली आणि गावानं कितीतरी दिवसांनी ओल्या मातीचा वास घेतला.

"हळू वता, भावजी," चंद्रभागाबाई मागून म्हणाली. "माझाबी हिस्सा हाय त्यात."